जिनिव्हातल्या बाई आणि सिंहस्थाचा तक्ता

मा. संपादक,
स. न. वि. वि.

परवाच्या अंकात जिनिव्हातल्या जागतिक व्यापार संघटनेच्या महासंचालक न्गोझी ओकोन्जो-इवेला यांचा फोटो छापलात, त्याबद्दल आभार. पण फोटोखाली मजकूर काय? पहिल्या महिला, पहिल्या आफ्रिकन, आणि डोक्याला बांधलेलं रंगीत वस्त्र कसं खुलून दिसतंय. तीन ओळींत बाई आटोपल्या. शेजारी एका ‘कार्यसम्राटां’च्या वाढदिवसाची पाऊण पान जाहिरात. जाहिरातींवर पेपर चालतो हे मला समजतं, म्हणून तिच्याबद्दल तक्रार नाही. तक्रार आहे ती त्या तीन ओळींबद्दल.

तुम्ही निदान कपड्यांवर थांबलात. २०२१ साली बाईंची निवड झाली तेव्हा स्वित्झर्लंडमधल्या काही दैनिकांनी ‘ही आजी होणार जागतिक व्यापार संघटनेची नवी प्रमुख’ अशा अर्थाचा मथळा दिला होता. जिनिव्हातले राजदूत आणि संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांमधल्या महिला प्रमुख यांनी सह्या करून निषेधाचं पत्र धाडलं, मग संपादकांनी माफी मागितली. मला कुणी आजी म्हटलं तर राग येत नाही, मी आहेच आजी. पण पंचवीस वर्षं जागतिक बँकेत काढून तिथल्या दोन नंबरच्या खुर्चीपर्यंत पोचलेल्या, दोनदा नायजेरियाच्या अर्थमंत्री झालेल्या व्यक्तीची ओळख नातवंडांवरून? आधीचे सगळे महासंचालक पुरुष होते. ‘हे आजोबा’ असा मथळा कुणाच्या वाट्याला आल्याचं ऐकिवात नाही.

मी जन्मभर सहकारी बँकेत नोकरी केली, त्यातली बरीच वर्षं निफाड तालुक्यात, शेतीकर्जाच्या टेबलावर. मार्च महिना आला की विकास सोसायट्यांचे सचिव क. म. पत्रकांचे, म्हणजे कर्जमर्यादेच्या याद्यांचे, गठ्ठे घेऊन यायचे आणि एकतीस तारखेपर्यंत कर्जाचं नवं-जुनं चालायचं. सकाळी भरलेली रक्कम संध्याकाळी त्याच नावावर पुन्हा उचल. पुस्तकात वसुली झकास, शेतकरी होता तिथंच. त्यामुळे या बाईंनी १९८१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीत पीएच.डी. कशावर केली हे वाचलं तेव्हा मी खुर्चीत सरसावून बसले. विषय होता नायजेरियातलं कर्जधोरण, ग्रामीण पतपुरवठा आणि शेतीचा विकास. म्हणजे आमच्याच टेबलावरचा विषय की! तेव्हापासून त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत आले आहे.

आधी व्यापार संघटनेचं, म्हणजे डब्ल्यूटीओचं बोलते, कारण आपल्या जिल्ह्यात तिच्याबद्दल भलताच गैरसमज आहे. माझा धाकटा भाऊ निफाड तालुक्यात कांदा पिकवतो. डिसेंबर २०२३ मध्ये त्याचा लाल कांदा ट्रॉलीत भरून तयार आणि ८ तारखेपासून निर्यातबंदी. लासलगावला लिलाव बंद पडले, ठिकठिकाणी रास्ता रोको झाले. लिलाव सुरू झाले तेव्हा भाव धडाधड कोसळलेले. मला फोनवर म्हणाला, “आक्का, हे सगळं त्या डब्ल्यूटीओवाल्यांचं कारस्थान.” म्हटलं, बाबा रे, ही बंदी जिनिव्हातून आली नाही, दिल्लीतून आली. व्यापार संघटनेचे नियम उलट निर्यात अडवायच्या विरोधातले आहेत. अन्नधान्याची गंभीर टंचाई असेल तर तात्पुरती बंदी चालते, एवढीच सवलत. निर्यातशुल्काला मात्र त्या नियमांत आडकाठी नाही, आणि ती वाट आपल्या सरकारला पाठ आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, डिसेंबरात बंदी, मे २०२४ मध्ये बंदी उठवली तर टनाला ५५० डॉलरचा किमान दर आणि वर ४० टक्के, सप्टेंबरात २० टक्के, आणि १ एप्रिल २०२५ पासून शून्य. यातला एकही कागद ओकोन्जो-इवेला यांच्या टेबलावरून गेलेला नाही.

बंदीच्या त्याच काळात, फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस, अबुधाबीत व्यापार संघटनेची मंत्रिपरिषद भरली होती. भारत तिथं हमीभावानं केलेल्या सरकारी धान्यसाठ्याला अनुदानाच्या मर्यादेची आडकाठी नको म्हणून कायमचा तोडगा मागत होता. मागणी रास्तच आहे. हमीभावातलं अनुदान मोजायला अजून १९८६-८८ चे भाव धरतात, याला काय म्हणावं? २०१३ च्या बाली परिषदेपासून हा विषय तात्पुरत्या मुभेवर लोंबकळतोय आणि अबुधाबीतही सुटला नाही. परिषदेच्या पहिल्या दिवशी इकडे शेतकरी संघटना ‘डब्ल्यूटीओतून बाहेर पडा’ म्हणत ट्रॅक्टर घेऊन रस्त्यावर. आणि आमच्या बंधूंचा कांदा देशातच कोंडलेला. शरद जोशींनी याच जिल्ह्यात १९८० साली कांद्यासाठी माणसं रस्त्यावर उतरवली, आणि पुढे ज्यातून ही व्यापार संघटना उभी राहिली त्या डंकेल प्रस्तावाला सगळे शिव्या घालत असताना ते त्याच्या बाजूनं उभे राहिले. त्यांचं सगळंच मला पटायचं असं नाही. पण शेतकऱ्याला लुटणारा परदेशातच बसलेला असतो असं नाही, हे त्यांचं म्हणणं उलटी पट्टी, म्हणजे माल विकून वर पदरचे पैसे भरायचा हिशेब, हातात पडलेल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही.

महासंचालकांच्या हातात असतं तरी काय? मत नाही. १६६ सभासद आणि कारभार सर्वसहमतीचा, त्यामुळे एखादा देश अडून बसला की विषय तिथंच थांबतो. खुद्द बाईंची नेमणूकच त्यापायी अडकली होती. ऑक्टोबर २०२० मध्ये बहुतेक सभासदांनी पसंती दिली, पण ट्रम्प सरकारनं दक्षिण कोरियाच्या उमेदवाराचा हट्ट धरला. अमेरिकेत सरकार बदललं तेव्हा गाडी सुटली आणि १ मार्च २०२१ ला बाई खुर्चीवर बसल्या. अपिलाचं कोर्ट तर २०१९ च्या डिसेंबरपासून बंदच आहे, कारण नव्या न्यायाधीशांची नेमणूक अमेरिका होऊ देत नाही. उसाच्या अनुदानावरून ब्राझील, ऑस्ट्रेलिया, ग्वाटेमाला यांनी भारताविरुद्ध निकाल मिळवला, आपण अपील केलं, आणि ऐकायला न्यायाधीशच नाहीत! आपल्याला तूर्त ते सोयीचं आहे, हा भाग वेगळा. अशा संस्थेत जून २०२२ मध्ये पहाटेपर्यंत बैठका लांबवून त्यांनी मासेमारीच्या घातक अनुदानांवरचा करार करून घेतला. तो सप्टेंबर २०२५ मध्ये लागूही झाला आणि त्याच महिन्यात त्यांची दुसरी मुदत सुरू झाली. मोठं काम आहे. पण त्यांचा खरा कस लागला तो नायजेरियात, आणि नाशिककरांना उपयोगी पडेल असं जे आहे तेही तिथंच.

जन्म १९५४ चा, नायजेरियातल्या ओग्वाशी-उकू गावचा. आईवडील शिकायला जर्मनीला गेलेले, म्हणून नऊ वर्षांपर्यंत आजीजवळ वाढल्या. पुढे नायजेरियातून फुटू पाहणाऱ्या बियाफ्राचं यादवी युद्ध पेटलं. तीन वर्षांच्या बहिणीला मलेरियानं फणफण ताप भरला आणि आई स्वतः आजारी. पंधरा वर्षांच्या न्गोझीनं बहिणीला पाठीशी बांधलं आणि दहा किलोमीटर चालत डॉक्टर गाठला. दाराशी ही गर्दी, म्हणून खिडकीतून आत शिरली. बहीण वाचली. हा प्रसंग त्या जाहीर भाषणात सांगतात. पुढे लहान मुलांच्या लसीकरणासाठी झटणाऱ्या गावी संस्थेच्या अध्यक्षपदी त्या पाच वर्षं होत्या, हे त्याच्याशेजारी ठेवून वाचावं.

२००३ मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबासांजो यांनी त्यांना वॉशिंग्टनहून बोलावून अर्थमंत्री केलं. तेव्हा पॅरिस क्लब म्हणजे श्रीमंत सावकार देशांच्या गटाचं सुमारे ३० अब्ज डॉलरचं कर्ज देशाच्या डोक्यावर होतं. बँकेत ज्यांनी एकरकमी परतफेडीच्या फायली हाताळल्या आहेत त्यांना हे प्रकरण पाहिल्याबरोबर ओळखू येईल. मुद्दल केव्हाच मागे पडलेलं, हप्ते थकलेले, व्याज आणि दंडव्याज चढत गेलेलं. उचल करणारे लष्करशहा निघून गेलेले आणि नोटीस वारसांच्या नावावर. असा खातेदार सूट मागायला आला की बँक दोन गोष्टी पाहते. रोख भरायची तयारी आहे का, आणि उद्या हा पुन्हा थकणार नाही कशावरून? बाईंनी दोन्हींची तजवीज केली. तेलाचे भाव चढे होते. अंदाजपत्रकात तेलाचा दर मुद्दाम कमी धरायचा आणि वरचा पैसा वेगळ्या खात्यात टाकायचा असा पायंडा पाडला. आर्थिक शिस्तीवर नाणेनिधीची नजर ठेवून घेतली, पण कार्यक्रम स्वतः आखलेला. २००५ मध्ये करार झाला. सुमारे १८ अब्ज माफ, उरलेले सुमारे १२ अब्ज भरायचे. एप्रिल २००६ मध्ये शेवटची रक्कम भरून खातं बंद. मायदेशात ओरडही झाली की गरीब देशानं रोखीनं एवढा पैसा सावकाराच्या घशात का घालायचा? प्रश्न अगदीच वावगा नव्हता. पण माझ्या नोकरीत ‘माफी येणारच आहे’ म्हणून थांबलेली खाती मी पाहिली आहेत, आणि भरून मोकळी झालेलीही. पुन्हा उभी राहिलेली बहुतेक दुसऱ्या जातीची होती.

कर्ज फिटलं आणि बक्षीस काय मिळालं? दोन-तीन महिन्यांत अर्थखातं काढून परराष्ट्रखातं दिलं. मग त्या कामानिमित्त लंडनला असताना आर्थिक चमूचं प्रमुखपदही काढून घेतलं. ऑगस्ट २००६ मध्ये त्यांनी राजीनामा दिला आणि पुढच्याच वर्षी जागतिक बँकेनं व्यवस्थापकीय संचालक म्हणून परत नेलं. देशाबाहेर मान आणि घरात अडचण, हे आपल्याकडच्या हुशार अधिकाऱ्यांनाही नवीन नाही.

२०११ मध्ये त्या दुसऱ्यांदा अर्थमंत्री झाल्या. हा काळ पहिल्याइतका उजळ नाही, आणि कौतुकाच्या लेखांत तो सहसा गाळतात. १ जानेवारी २०१२ ला सरकारनं पेट्रोलवरचं अनुदान काढलं, लिटरला ६५ नायरांचं (नायरा हे तिथलं चलन) पेट्रोल एका रात्रीत दुपटीच्या वर गेलं. देशभर संप झाला, लोकांचा राग थेट बाईंवर निघाला, आणि पंधरा दिवसांत सरकारला भाव ९७ वर आणावा लागला. नववर्षाच्या दिवशी गरिबाच्या खिशात हात घालणं हे जिनिव्हा-वॉशिंग्टनच्या हवेत राहिलेल्या माणसालाच सुचावं, असं मला आजही वाटतं. पण त्याच अनुदानाच्या नावाखाली न आणलेल्या तेलाची बिलं काढणारे व्यापारी होते, हेही खरं. त्यांची बिलं तपासल्याशिवाय पैसे सोडायचे नाहीत असं बाईंनी ठरवलं. त्या डिसेंबरात त्यांच्या आईला, ऐंशी ओलांडलेल्या निवृत्त प्राध्यापक बाईंना, राहत्या वाड्यातून पळवून नेलं. मागणी अशी की मुलीनं टीव्हीवर येऊन राजीनामा जाहीर करावा. राजीनामा दिला नाही. पाच दिवसांनी आई सुटून आली. ते पाच दिवस काय गेले असतील याची कल्पना करायला अर्थशास्त्र लागत नाही.

पहिल्या खेपेला त्यांचा पगार डॉलरमध्ये होता म्हणून कोर्टकज्जे झाले, तेही नोंदवून ठेवते. दुसऱ्या खेपेच्या अखेरीस तेलाचे भाव पडले आणि कष्टानं सुरू केलेल्या त्या वेगळ्या खात्यात फारसं काही उरलं नव्हतं. राज्यांच्या गव्हर्नरांनी वाटून घ्या, वाटून घ्या म्हणून ते रितं केलं असं त्या म्हणतात, विरोधक त्यांच्याकडे बोट दाखवतात. मी दोघांचं ऐकून घेते.

आता ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं ते. नायजेरियात तेलाचा पैसा एका सामाईक खात्यात जमा होतो आणि दर महिन्याला केंद्र, ३६ राज्यं आणि ७७४ स्थानिक संस्था यांच्यात वाटला जातो. कुणाला किती, हे सामान्य माणसाला ठाऊक नसायचं. गावात शाळा का नाही म्हणून विचारलं की गव्हर्नर म्हणायचे, राजधानीतून काही येतच नाही. पहिल्यांदा अर्थमंत्री झाल्यावर बाईंनी एक साधी गोष्ट सुरू केली. दर महिन्याला कुठल्या राज्याला आणि कुठल्या स्थानिक संस्थेला किती रक्कम दिली, याचा तक्ता वर्तमानपत्रांत छापायचा. भाषण नाही, फोटो नाही, नुसते आकडे. लोक तक्ता घेऊन गव्हर्नरांना विचारायला लागले, की तुला मिळाले एवढे, गेले कुठे? गव्हर्नर मंडळी बाईंवर जी उखडली ती कायमची.

यावर अधिकारी लोक म्हणतील, आमचंही सगळं ऑनलाइन आहे. हो, आहे. मी एका सरकारी संकेतस्थळावर आमच्या गावचा खर्च शोधत बसले होते. तिरकी चिन्हं ओळखून भरायची, मग पान गायब. शेवटी फाइल उघडली तर कागद उलटा स्कॅन केलेला, खालच्या दोन ओळी कापलेल्या. गावात ग्रामपंचायतीच्या भिंतीवर वित्त आयोगाच्या निधीचा फलकही आहे. रस्ता काँक्रिटीकरण असं वाचता येतं, पुढच्या रकमेचे पोपडे उडालेत आणि उरलेल्या जागेत स्पोकन इंग्लिशच्या क्लासचं पत्रक चिकटवलंय. माहिती उपलब्ध असणं आणि ती सलूनच्या बाकड्यावर पडलेल्या पेपरात असणं, यात फार अंतर आहे.

नाशिकला सध्या सिंहस्थाचे वेध लागलेत. २०२७ च्या पर्वण्यांसाठी रामकुंडापासून त्र्यंबकेश्वरापर्यंत कामं निघाली आहेत. रस्ते, पूल, घाट, मलनिस्सारण, साधुग्राम. आकडे कोटींत आणि तेही हजारांत ऐकू येतात. तपोवनातली झाडं तोडण्यावरून एवढं रान उठलं, तुम्ही ते चांगलं लावून धरलंत. पण कुठल्या कामाला किती मंजूर, किती दिले, हे एका जागी, एका कागदावर, दर महिन्याला मला कुठंच वाचायला मिळत नाही. गोदावरीत नाल्याचं पाणी मिसळतंय अशी बातमी वाचायची, आणि शुद्धीकरण केंद्राला पैसे मंजूर झाल्याची बातमी दुसऱ्या पानावर. दोन्हींची गाठ वाचकानं स्वतः मारायची.

नायजेरियात ते काम अर्थमंत्र्यांनी केलं. आपल्याकडे मंत्री करतील याची वाट पाहायची माझी तयारी नाही, वय नाही. माहिती अधिकाराचा अर्ज करून आकडे मिळवता येतात, आणि दैनिकानं मागितले तर लवकर मिळतात असा माझा समज आहे. म्हणून विनंती, महिन्यातून एकदा अर्धं पान या तक्त्याला द्या. कार्यसम्राटांचा वाढदिवस त्या दिवशी आला तर दुसऱ्या पानावर घ्या.

रकाने मी आखून देते. कामाचं नाव आणि ठिकाण. प्रशासकीय मान्यतेची रक्कम. निविदेची रक्कम, कारण या दोहोंतल्या फरकात पुष्कळ काही दडलेलं असतं. ठेकेदार. काम सुरू झाल्याची आणि संपवायची तारीख. आजवर दिलेली बिलं. प्रत्यक्ष काम किती टक्के, आणि तो टक्का कुणाच्या सहीनं. शेवटी एक रकाना मागच्या महिन्याच्या आकड्याचा, म्हणजे पुढे सरकलंय की नुसती तारीख बदललीय ते कळेल. बेरजा तपासायला माणूस कमी पडत असेल तर मी येऊन बसेन, मोबदला नको. तुमच्या कार्यालयाची लिफ्ट चालू आहे का तेवढं आधी कळवा. आणि तक्ता शक्यतो रविवारच्या अंकात घ्या, त्या दिवशी माझे बंधूदेखील पेपर पहिल्या पानापासून वाचतात.

आपली नियमित वाचक,
एक निवृत्त बँक अधिकारी
इंदिरानगर, नाशिक